नागपूरले पाठवणारे उत्तम सर

उत्तम डिगरसे माझ्यासोबत शिकला, माझ्यासोबत मास्तर झाला आणि आता माझ्याच शाळेत मुलांचा करिअर मार्गदर्शक आहे. या तिन्ही गोष्टी माझ्या नशिबात ज्याने कोणी लिहिल्या, त्याला एकदा गाठून जाब विचारायचा आहे मला. मी मालती. पांढुर्ण्याच्या एका सरकारी शाळेत मराठी शिकवते. मध्य प्रदेशात मराठी शिकवणाऱ्या बाईला तसंही कोणी फारसं विचारत नाही, त्यामुळे बोलायला मला वेळ भरपूर आहे.

लहानपणापासून या माणसाला सांगायची भारी हौस. करायची नाही, सांगायची. आम्ही सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. गोटमारीचा, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारायच्या आमच्या जत्रेचा दिवस होता. आमची पांढुर्ण्याची पोरं इकडून दगड मारत होती, सावरगावची तिकडून मारत होती, आणि हा पठ्ठ्या एका दुकानाच्या ओट्यावर आडोसा धरून उभा. तिथून दोन्ही बाजूंना ओरडून सांगत होता, कोणी कुठून मारायचं, कसा नेम धरायचा. स्वतः एक दगड उचलला नाही. संध्याकाळी मात्र घरोघरी जाऊन सांगत फिरला की आज आपण नसतो तर काही खरं नव्हतं.

दहावीत गणितात गचकला. त्याच उन्हाळ्यात गल्लीतल्या लहान पोरांना ओळीने बसवून गणिताचा अभ्यास कसा करावा यावर भाषण देत होता. मी म्हटलं, “काहून रे उत्तम, तुले लाज नाही वाटत?” तर म्हणाला, “मालती, ज्याले अनुभव आहे त्यानंच सांगावं.” आता बोला. अशा माणसापुढे डोकं फोडून घ्यायचं की काय!

पुढे तो इतिहासाचा मास्तर झाला. वर्गात एका पोराला उभं करून पुस्तक वाचायला लावायचं आणि आपण खिडकीतून बाहेर पाहायचं, ही त्याची शिकवायची पद्धत. कोणाचं त्यात फार बिघडलं नाही. इतिहास तसाही होऊन गेलेला असतो.

मग पांढुर्णा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे प्रत्येक कामाला नवा माणूस पाहिजे. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये विचारलं, “करिअर मार्गदर्शनाच्या ट्रेनिंगला छिंदवाड्याला कोण जातं?” पेपर तपासणं चालू होतं, सगळ्यांनी माना खाली घातल्या. उत्तमने हात वर केला. ट्रेनिंगहून परत आला तो एक बॅग, गळ्यात लटकवायचा बिल्ला आणि गोल फिरणारी खुर्ची घेऊन. लायब्ररीचा अर्धा भाग रिकामा करायला लावला. माझी मराठीची पुस्तकं मोरीशेजारच्या कपाटात गेली आणि तिथे पाटी लागली, ‘मार्गदर्शन कक्ष’. आत हे महाशय खुर्चीत बसून गोल गोल फिरत.

या कामात काय असतं, ते मला कोणत्या ट्रेनिंगने शिकवलं नाही. पण वर्गात उभं राहून इतकी वर्षं काढली, तेवढं तरी कळतं. नववी-दहावीचं पोर घशात काहीतरी अडकवून येतं. बापाला वाटतं गणित घ्यावं, पोराला गणिताचं नाव काढलं की घाम फुटतो. कोणाच्या घरी रोज भांडण, कोणाला शाळाच सोडायची आहे. पोर अर्धं वाक्य बोलतं आणि थांबतं. तेव्हा समोरच्या मोठ्या माणसाने गप्प बसायचं असतं, बस. उरलेलं अर्धं वाक्य मग आपोआप बाहेर येतं, आणि खरं दुखणं त्यातच असतं.

उत्तमने आजपर्यंत कोणत्याच पोराचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. “सर, मले ना...” एवढं झालं की हा म्हणणार, “समजलं!” काय समजलं, डोंबल? त्याच्याकडे सल्ले दोनच. पहिला, “टेंशन घेऊ नको.” दुसरा, “नागपूरले जा.” हे दोन्ही चालले नाहीत तर तिसरा खिशात ठेवलेला. पेपर हातात आला की एका पोराचे हात थरथर कापायचे. त्याला हा म्हणाला, “शनिवारी जामसांवलीच्या मारुतीले जाऊन ये, सगळं ठीक होते.” आता मारुतीवर माझीही श्रद्धा आहे, मीही जाते. पण मारुतीने पगार घेऊन मार्गदर्शन कक्ष उघडलेला नाही ना!

नागपूरचं मात्र एकट्या उत्तमला बोलून चालणार नाही. आम्हा पांढुर्णा-सौंसरवाल्यांचं तोंडच नागपूरकडे आहे. चष्मा नागपूरचा, लग्नाचा शालू नागपूरचा, पोटात दुखलं तर डॉक्टर नागपूरचा, पोरीला स्थळ आलं तर तेही नागपूरकडचंच बरं. आमचं सरकार भोपाळला बसतं, ते आम्हाला टीव्हीवर दिसतं. त्यामुळे इथे कोणी हुशार निघालं की लोक विचारतच नाहीत, नागपूरला पाठवायचं का म्हणून. कधी पाठवता, एवढंच विचारतात. इथल्या माणसाला ही चूक चूक वाटतच नाही. आणि म्हणूनच मार्गदर्शक नावाच्या माणसाने तिथे पाय रोवून उभं राहायला पाहिजे होतं, पोरांना सांगायला पाहिजे होतं की बाबांनो, राज्य आपलं हे आहे, नियमही इथलेच लागतात, आधी ते पाहा. ते राहिलं बाजूला, हाच सगळ्यांच्या पुढे नागपूरकडे हात दाखवत चालला.

आता पल्लवीचं सांगते. पल्लवी सोमकुवर, सावरगावची. बाप अंकुश नगरपालिकेत नळाचे व्हॉल्व्ह उघडायच्या कामावर. आई चंद्रकला संत्र्याच्या सीजनमध्ये मंडीत माल छाटायला जाते. एकदा पेटीचा खिळा लागून तिचा तळवा फाटला होता. आठवीतली पल्लवी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली आणि टाके पडताना आईने डोळे मिटले, पोरीने नाही मिटले. तेव्हापासून तिचं एकच, मले डॉक्टर व्हायचं. दहावीत शाळेत पहिली आली. माझा विषय म्हणून नाही सांगत, पण तिचा निबंध वाचून मी दोनदा चष्मा पुसला होता.

रिझल्टनंतर अंकुश तिला घेऊन मार्गदर्शन कक्षात आला. मी कपाटाशी माझी पुस्तकं उपसत होते. बाकावर तिगावचा श्रावण त्याच्या अश्विनीला घेऊन बसला होता. अश्विनी पल्लवीच्याच वर्गातली, तिच्याच समाजातली, मार्कांनी मात्र बरीच मागे. रोज पॅसेंजरने येणारी, जाणारी, शांत पोरगी.

“काय व्हायचं बेटा?” उत्तमने खुर्ची फिरवली.

“डॉक्टर, सर. पण मले विचारायचं होतं का इथंच राहून...”

“समजलं! अंकुशभाऊ, नागपूरले पाठवा. माझ्या ओळखीचा क्लास आहे. कॉलेजात नुसतं नाव टाकायचं, दिवसभर क्लास. इथं काय ठेवलं आहे?”

अंकुश चाचरत म्हणाला, “सर, पोट्टी म्हणते का इथल्या मॅडम चांगल्या शिकवून राहिल्या. दुसरीकडं काहून जावं?”

मीही तोंड घातलं. म्हटलं, “उत्तम, पोरगी काय विचारते ते तरी पूर्ण ऐक. ती इथे चांगली शिकते आहे, तर हलवायचं कशाला?”

“मालती, तू कविता शिकव,” तो म्हणाला. “ही कॉम्पिटिशन आहे.”

मग त्याने बाकाकडे मोर्चा वळवला. “श्रावणभाऊ, तुम्हीबी पाठवा. दोघी सोबत राहतीन.”

श्रावण उठला. “म्या नाही पाठवत, सर. पोरगी रोज घरी येते, तेच बरं आहे.”

“याच्यामुळंच तुमचे लोक मागं राहतात,” उत्तम म्हणाला.

मी हातातलं पुस्तक जोरात आपटलं. श्रावण मात्र शांत होता. म्हणाला, “आमचे लोक काहून मागं राहिले ते मले माहीत आहे, सर.” आणि पोरीला घेऊन निघून गेला. तो गेल्यावर उत्तम हसून अंकुशला म्हणाला, “पाहिलं? समजावून फायदा नाही.” अंकुश हसला नाही, पण घाबरला. आपणही मागं राहू की काय, ही भीती त्या माणसाच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली. पुढच्याच आठवड्यात पल्लवी नागपूरला गेली.

दिवाळीत आली ती पोरगी ओळखू येईना. गालाची हाडं वर आलेली, डोळे आत गेलेले. नाव ज्या कॉलेजात होतं ते तिने धड पाहिलंही नव्हतं. क्लासच्या हॉलमध्ये एवढी गर्दी की मागच्या पोरांना सर पडद्यावर दिसायचे. सगळं इंग्रजीत, आणि ही आमच्या शाळेतून हिंदीत शिकून गेलेली. हात वर करून विचारायची सोय नाही. तिने उत्तमला फोन केला होता. “सर म्हणाले, टेंशन घेऊ नको, फोकस कर,” तिने मला सांगितलं. “मॅडम, मी फोकस करून राहिली. पण समजतच नाही तर फोकस कशावर करू?”

मी तशीच प्राचार्यांकडे गेले. माणूस भला आहे. म्हणाले, “टीसी घेऊन आली तर अकरावीत बसवतो, अजून वेळ गेलेली नाही.” मी पल्लवीला सांगितलं. तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

आणि मग मार्गदर्शक साहेब प्रथमच एका विद्यार्थ्याच्या घरी गेले! कधी नव्हे ते पूल ओलांडून सावरगावला गेला हा. चहा प्यायला आणि चंद्रकलेला म्हणाला, “वहिनी, परत आणाल तर लोक म्हणतीन पोरीले झेपलं नाही. दोन वर्षांचा त्रास आहे, मग जिंदगीभर डॉक्टरीन.” चंद्रकला बिचारी शाळा शिकलेली नाही. एवढा मोठा सर आपल्या घरी येऊन खुर्चीवर बसला, यातच ती अर्धी विरघळली. पल्लवी बसस्टँडवर मला भेटली, हातात बॅग. म्हणाली, “मॅडम, आई म्हणते सर सांगतात तर बरोबरच असन.” मी तिची आई नव्हते. बस गेली आणि मी तिथेच उभी राहून उत्तमला मोठ्याने शिवी घातली. तिकिटाच्या रांगेतले लोक वळून पाहायला लागले. पाहू देत.

पोरीची कमाल अशी की तरीही तिने रेटलं. रडत-पडत, डिक्शनरी उघडून, बारावी चांगली काढली आणि डॉक्टरकीची परीक्षाही. अश्विनीनेही तीच परीक्षा दिली, आमच्याच शाळेतून, आमच्याच बायोलॉजीच्या मॅडमच्या जोरावर. पल्लवीचे मार्क तिच्यापेक्षा चांगलेच जास्त होते.

अश्विनीला सरकारी मेडिकल कॉलेजात सीट मिळाली. पल्लवीला नाही.

आपल्या राज्यात डॉक्टरकीच्या काही जागा सरकारी शाळेतल्या मुलांसाठी वेगळ्या राखून ठेवतात. अट साधी आहे. सहावीपासून बारावीपर्यंत सरकारी शाळेत शिकलेलं पाहिजे. पल्लवी दहावीपर्यंत शिकली, आणि शेवटच्या दोन वर्षांसाठी आम्ही तिला वाजतगाजत नागपूरच्या खाजगी कॉलेजात नेऊन घातलं. उरलेल्या जागांसाठी तिचे मार्क थोडक्यात हुकले. आता ती चार वेळा परीक्षा देवो की दहा वेळा, त्या राखीव जागांचं दार तिला बंद झालं ते झालंच. तिने बी.एस्सी. नर्सिंगला नाव घातलं.

मी उत्तमकडे गेले. म्हटलं, “तुला हे माहीत नव्हतं?” तो म्हणाला, “ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेल काहीतरी.” असेल काहीतरी! त्याच्यासोबत ट्रेनिंगला गेलेल्या सौंसरच्या एका मॅडमना मी विचारलं. त्या म्हणाल्या, “चांगलं अर्धा तास समजावलं होतं. तुमचे डिगरसे सर तेव्हा बाहेर बॅनरसमोर फोटो काढून घेत होते.” हे ऐकल्यावर मला राग यायला पाहिजे होता. पण खरं सांगू का, मला त्या माणसाची किळस आली. चूक कोणाचीही होते. पण याने चूक करण्याएवढेही कष्ट घेतले नव्हते.

आणि पुढे काय केलं असेल त्याने? शाळेच्या फाटकावर भलं मोठं बॅनर लावलं. अश्विनीचा फोटो छोटा, उत्तमचा मोठा, खाली ‘मार्गदर्शक’. ज्या श्रावणला याने कक्षातून जवळजवळ हाकलून दिलं होतं, त्याच श्रावणची पोरगी! अश्विनी फाटकातून आत येताना ते बॅनर पाहून थांबली आणि मला म्हणाली, “मॅडम, सर माझ्यासंग कधी बोललेबी नाहीत.” मी म्हटलं, “तेच तुझं नशीब, बाई.”

दहावीच्या पोरांसाठी त्याने हॉलमध्ये मार्गदर्शन मेळावा ठेवला. पोरं, त्यांचे आईबाप, सगळे बोलावले. ‘आपल्या यशस्वी विद्यार्थिनी’ म्हणून अश्विनी आणि पल्लवी दोघींना मंचावर बसवलं. मला वाटलं पल्लवी येणार नाही. ती आली. आईला घेऊन आली. चंद्रकला नवं लुगडं नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती. शेजारच्या बाईला हळू आवाजात सांगत होती, “थोडीशी कमी पडली माझी पोरगी. डॉक्टरीन नाही झाली, पण नर्सबी चांगलीच असते ना?” हे ती गावभर असंच सांगत होती, जशी काही पोरीच्या वतीने माफी मागत असावी.

तेव्हा मला कळलं की पल्लवीने आईला खरं सांगितलंच नाही. का, तेही मला पटकन समजलं. दिवाळीत नागपूरला परत पाठवणारी आईच होती ना. तिला सांगितलं असतं तर ती कशी जगली असती?

अश्विनी दोन वाक्यं बोलून बसली. पल्लवीने माइक घेतला. तिला आईकडे पाहवेना, ती समोरच्या पोरांकडे पाहत होती. पहिल्या रांगेत एक पोरगी वहीवर कोणत्या तरी नागपूरच्या क्लासचा नंबर लिहून घेत होती, ते तिला दिसलं असावं. मग बोलली.

“मी दहावीत पहिली आली होती. अश्विनीपेक्षा माझे मार्क आताबी जास्त आहेत. तिले सीट भेटली, कारण ती याच शाळेत राहिली. सरकारी शाळेत बारावीपर्यंत शिकलं का वेगळ्या जागा असतात. मी नागपूरले गेली, म्हणून माझी गेली. हे मले कोणी सांगितलं नाही. तुम्ही जाऊ नका. कोणीबी सांगो, आधी विचारा.”

आईबाप एकमेकांकडे पाहायला लागले. उत्तम बाजूला उभा राहून मोबाइल आडवा-उभा धरत मंचाचा फोटो नीट येतो का ते पाहत होता. भाषण संपलं एवढं त्याला कळलं. “शाब्बास!” म्हणून तो टाळ्या वाजवायला लागला. “टाळ्या, टाळ्या! वाजवा ना पोट्टेहो!” एकानेही वाजवली नाही. तो एकटाच वाजवत होता.

चंद्रकला उठली. मला वाटलं आता ही त्याची गचांडी धरते. धरायलाच पाहिजे होती. मी तर खुर्ची मागे सारून तयारच झाले होते. पण तिने उत्तमकडे पाहिलंही नाही. पायऱ्या चढून ती सरळ पोरीपाशी गेली. तळव्यावर टाक्यांचा व्रण असलेला तो हात तिने पोरीच्या तोंडावरून फिरवला. भर सभेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तू कमी पडली नव्हती ना, बाई? मी सगळ्या गावाले सांगत फिरली का माझी पोरगी कमी पडली. चुकलं माझं. मले माफ कर.”

पल्लवीला हुंदका आवरेना. आईने तिला छातीशी धरलं. अश्विनी उठून दोघींना बिलगली. हॉलमधल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि मीही पुसत होते.

आणि हा माणूस, हा उत्तम डिगरसे, पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि त्या तिघींचा फोटो काढला. संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर तो फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘मार्गदर्शनाने भारावून गेलेली एक माता.’